चोरीची दुसरी सकाळ

पिंपळगाव राजाच्या अविनाश मास्तरांचा हर्षल चोऱ्या करायचा, आणि घरात त्याला काही म्हणता काही कमी नव्हतं. पोटाला चिमटा बसला म्हणून हात घातला, असं असतं तर माणूस समजून तरी घेतो. ह्याला भलतीच खाज. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायची, पडक्या विहिरीत फेकून द्यायची, आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बोंबाबोंब बघायला जायचं. मालक डोकं धरून बसला की ह्याच्या छातीत गोड धडधड व्हायची. सगळं गाव जे शोधतंय ते आपल्या एकट्याला ठाऊक. वर्गात कायम मागच्या बाकावर बसलेल्या पोराला ह्याहून मोठं काय हवं?

त्या सकाळी शंकररावांची केबल गेली होती. लोकांनी शेजारच्या मळ्यातल्या कडूबा सालगड्याला धरलं. तरुणपणी तो एकदा कापूस चोरताना सापडला होता, तेवढं गावाला जन्मभर पुरलं. बाभळीला बांधून त्याला पाइपानं बडवायला लागले.

"कुठी ठेवली, सांग बे."

"म्या नाई नेली, मालक."

हर्षलनंही दोन लाथा घालून घेतल्या. गाव साप सोडून भुई धोपटत होतं, आणि साप त्यांच्यातच उभा होता. पण हात मोडला तसा कडूबा विव्हळला, "हाव, म्याच नेली. मारू नका."

शंकरराव म्हणाले, "मले वाटलंच होतं. असं सफाईचं काम ह्याच्याबिगर कोणाले जमते?"

झालं. हर्षलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची करामत हा फाटका माणूस आपल्या नावावर घेऊन चालला होता.

"खोटं बोलून राह्यला तो. केबल म्या कापली."

मारणाऱ्यानं पाइप खाली घेतला. मग शंकररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाहा मास्तराचं पोरगं. दुसऱ्याचा मार आपल्या अंगावर घेऊन राह्यलं."

कडूबाची बायको पुष्पाबाई धावत येऊन हर्षलच्या पायावर पडली. "तुमीच एक माणूस निंघाले, दादा."

पडकी विहीर हाकेच्या अंतरावर होती. केबल काढून दाखवली असती तर कडूबाचा डाग धुतला गेला असता. हर्षलनं तोंड उघडलं आणि मिटलं. पायावरचं ते डोकं त्याला इतकं आवडलं की पाय मागे घेववेनात.

"जाऊ द्या, सोडा त्याले," तो मोठ्या मनानं म्हणाला.

पुढची केबल कापायच्या आधी त्यानं कडूबाचा कुडावर वाळत घातलेला दुपट्टा उचलला, मोटारीपाशी टाकायला; पुन्हा कडूबा धरला गेला तरच ते डोकं पुन्हा पायावर येणार होतं.