ग्रीसबोटे यांचं दुकान

मिस्त्री, हातातला पाना खाली ठेवा आणि हे पत्र बसून वाचा. आधी ते बोट पुसा. कागद चांगला आहे.

त्या बोटावरूनच गल्लीनं तुम्हाला ‘ग्रीसबोटे’ हे आडनाव बहाल केलं. साधा बोल्ट पिळायचा, तरी तुमचा सोहळा: आटे ब्रशनं घासायचे, फडक्यानं पुसायचे, बोटानं ग्रीस फिरवायचं आणि मग पाना. पंक्चरसाठी आलेल्या सायकलचीसुद्धा सीटची दांडी उपसून, ग्रीस चोपडून परत बसवायचात. कुणी न मागता. गिऱ्हाईक ताटकळायचं. मीही ताटकळले आहे, आणि तोंड आवरलेलं नाही.

समोर घणवाल्याचं दुकान. त्याच्याकडे गंजून जाम झालेल्या सायकली. तो घण घाली, गॅसची बत्ती पेटवून नट तापवी, घामानं निथळे. भोवती दहा बघे. नट निघाला की वाहवा. तुमच्याकडे नट दोन बोटांनी सुटे. त्याला वाहवा कोण करणार?

माझे धाकटे दीर इंजिनिअर, म्हणजे कुणाचंही न ऐकण्याचा परवाना. माझ्या सायकलचं डावं पेडल काढायला चक्क पान्यावर उभे राहिले. तुम्ही रस्त्यावरून म्हणालात, “साहेब, डावं पेडल उलटं उघडतं. तुम्ही आवळताय.”

“मिस्त्री, मला आटे शिकवू नका.”

“आटे नाही हो, दिशा सांगतोय.”

तुम्ही पाना उलटा फिरवलात. आत तुमचंच दोन वर्षांपूर्वीचं ग्रीस; पेडल मुकाट्यानं हातात आलं. दीर म्हणाले, “बघा वहिनी, मीच ढिलं करून ठेवलं होतं.”

तुम्ही ज्या सायकलला हात लावलात तिचं पुढे काही अडेना, आणि अडेना म्हणून मालक फिरकेना. शेवटी तुमच्या बायकोनं मला गाठलं. “बाई, महिन्याभरात दुकान बंद करणार म्हणतात. समोर घणवाल्याच्या हाताखाली जाणार. तुमचं ऐकतील.”

मी भांडायलाच आले. तुम्ही शांतपणे म्हणालात, “एक पाटी लिहून द्या. बिघडू नये म्हणून दुरुस्ती, असं काहीतरी.”

“न बिघडलेल्याची दुरुस्ती? मराठी तरी धड बोला.”

“मग धड शब्द तुम्ही शोधा. शिकलेल्या आहात.”

शोधते म्हटलं. ‘निगा’ लिहिलं, खोडलं, आजाऱ्याची वाटली. ‘जपणूक’ लिहिलं; ती दागिन्यांची वाटली. दोन शब्दांच्या कामाला माझ्या पदवीला महिना पुरला नाही.

आता तुम्ही समोर बत्ती धरता. घणवाल्याची पाठ फिरली की नव्या बोल्टला गुपचूप ग्रीस लावता, असंही कानावर आलं. म्हणजे तेही दुकान बुडणार. पाटीसाठी तुम्ही पांढरा रंग देऊन पाठवलेला पत्रा माझ्या दाराआड उभा आहे. अजून कोराच.