पंचेचाळीस पावलांवरची फक्की

पेणहून वडखळकडे निघालं की आमच्या गावाची गुरचरण जागा लागते. गावातली गुरं कधीच संपली. तिथे आम्ही टेनिस बॉलने खेळतो. बाउंड्री आखायचं काम शेजारच्या काकांचं. जन्म मिठागरात गेलेला माणूस, उन्हाचं त्यांना काही वाटत नाही. स्टंपांपासून पावलं मोजत थेट बोरींच्या झाडांपर्यंत जायचे. सत्तर पावलं. मग तिथून चुन्याची फक्की सोडत मैदानाला फेरा मारायचे.

ती रेघ मी आत ओढली. रोह्याची टीम धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून यायची, उजेड थोडाच उरायचा. त्यात बोरींत गेलेला बॉल शोधण्यात वेळ जायचा. कॉमेंट्री करणाऱ्या माइकवाल्याला षटकार हवे होते. आणि खरं सांगायचं तर मलाही. माझा फटका पन्नास पावलांच्या पुढे जात नाय. मी फक्की पंचेचाळीसवर टाकली.

"बाला, सिक्सर मारायला दम लागतो," काका म्हणाले. "फक्की काय करनार?"

"लोकांना मजा पायजे, काका."

"मंग स्टंपालाच चिकटव ना बाउंड्री."

सगळे हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात कळलं, कंटेनर यार्डसाठी कुणीतरी ही जागा मागितलीय. मी रातोरात नाय, दुपारी भर उन्हात बसून पत्रक लिहिलं: जागा गावाची आहे, गाव ती वापरतंय, या आणि डोळ्यांनी बघा. आणि तलाठी खरंच आले.

"वापर कुठवर आहे?" त्यांनी विचारलं.

मी छाती काढून चुन्याची रेघ दाखवली. "ही बघा. आखीव मैदान आहे."

"बोरींपर्यंत हाय ते," काका मागून म्हणाले.

मी त्यांना हाताने गप्प केलं. वाटलं, म्हातारा आपला पुरावा बिघडवतोय. पंचनाम्यावर पहिली सही माझी.

रेघेपलीकडची सगळी जागा विनावापर ठरली. यार्डची जाळी नेमकी माझ्या फक्कीवर उभी आहे.

मी दुसरं पत्रक काढलं. जागा मागणारे, पुढारी, सरकार, सगळ्यांना झोडपलं. पंचनाम्याला एक ओळ दिली, सही कुणाची ते लिहिलं नाय. छापायच्या आधी काकांना वाचून दाखवलं.

"चांगलं लिवलंस," ते म्हणाले. "मी तवा बोललेलो, ते घातलंस का?"

घातलं नव्हतं. पत्रक तसंच छापून मी गावात वाटलं.