माझा सातवा नियम

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, कारण हा गाढवपणा मी पूर्ण शुद्धीत, लेखी आणि जपानीत केला आहे.

मी वाढलो टोकियोजवळच्या इचिकावात, शिकलो इंग्लंडात. प्रबंध लिहिला तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या फुटबॉलवर. त्यातही दुसऱ्या डिव्हिजनवर! तेव्हा तिथे पहिलं येऊनही संघ आपोआप वर जात नसे. वरच्या डिव्हिजनच्या तळातल्या संघाशी आणखी एक 'टेस्ट मॅच' जिंकावी लागे. पहिल्याच मोसमात अव्वल आलेला संघ ती हरला आणि बिचारा खालीच राहिला. काय ती कसोटी! सांगताना मी खुर्चीवरून उठतो. ऐकणाऱ्याला जांभई येते, ती गोष्ट वेगळी.

तर मी परत आलो त्याच वर्षी आमचा मराठी मंडळींचा संघ इथल्या रविवारच्या लीगमध्ये, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, चक्क पहिला आला. इथल्या नियमाने आता थेट वर जाणार! वरच्यांना हिरवळीचं मैदान, आम्हाला खडी. आमचे बँकेतले सरदेसाईकाका मार्चअखेर पोस्टिंग संपवून मुंबईला परतणार होते. वय सत्तावन्न, गुडघ्यांचं त्याहून जास्त.

"निख्या, जाण्याआधी एकदा गवतावर खेळायचंय रे," एवढीच त्यांची इच्छा.

लीगच्या बैठकीत मला फक्त आभार मानून खाली बसायचं होतं. बसलो का? छे! मी टेस्ट मॅचवर वीस मिनिटं बोललो. वर त्या काळच्या सात नियमांचा कागदही वाटला. अध्यक्ष मोरी-सान, वय सत्तर, हळूच म्हणाले, "विचार करतो."

"काळजी नको काका," मी बाहेर येऊन सांगितलं. "जपानात 'विचार करतो' म्हणजे नाही!"

मोरी-साननी खरंच विचार केला हो! आठ दिवसांत प्रत्येक कॅप्टनच्या घरी जाऊन संमती घेतली. मग आमच्या दारात आले, माझे सात नियम लॅमिनेट करून.

"इतक्या तळमळीने बोललात, नाही कसं म्हणणार? यंदा तुमच्याच नियमांनी टेस्ट मॅच!"

वरच्या डिव्हिजनच्या तळाला कोणाचा संघ होता? मोरी-सानचाच, आणि सत्तरीतही ते स्वतः खेळत!

"निख्या, आपण पहिले आलो ना?"

"हो काका."

"मग परत कशाला खेळायचं?"

"काका, इतिहास असा आहे की…"

"इतिहासाला गुडघे नसतात रे!"

मॅच आमच्या खडीवरच, गोलकीपर मी. एक-एक बरोबरी, शेवटचं मिनिट. मी बॉल झेलला, छातीशी धरला. वाटलं, वाचलो! तेवढ्यात समोर मोरी-सान. थांबले. कमरेत वाकले. "माफ करा हं," म्हणाले, आणि खांद्याने मला असं ढकललं की मी बॉलसकट जाळ्यात!

"फाऊल!" मी जाळ्यातूनच ओरडलो.

रेफरीने शांतपणे लॅमिनेट केलेला कागद काढला. नियम सातवा: बॉल हातात असलेल्या गोलकीपरला खांद्याने ढकलून गोल करता येतो. खाली माझी सही.

आम्ही पहिले येऊन खालीच राहिलो. अगदी इतिहासासारखे!

काकांनी बूट काढून थेट मुंबईच्या बॅगेत टाकले. ते मोरी-सानना कळलं असावं. मार्चच्या पहिल्या रविवारी त्यांनी काकांना आपल्या संघातून पाहुणा खेळाडू म्हणून उतरवलं. गवतावर! काका दहा मिनिटं धावले, दोनदा पडले आणि दोन्ही वेळा हसत उठले.

"निख्या, गादी आहे रे गादी!"

मीही जोरात ओरडलो, "काका, त्यांच्या गोलकीपरकडे बॉल आहे, ढकला!"

काकांनी नुसतं मैदानाच्या फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे नवीन पाटी होती. सातवा नियम धोक्याचा म्हणून रद्द. पुरावा म्हणून मोठा फोटो: बॉल कवटाळून, तोंड उघडं टाकून, जाळ्यात अडकलेला मी. वर लाल फुली.

काका गवतावर एकच मॅच खेळले. मी मात्र तिथे कायमचा आहे.