गोठ्यातलं ताट

माझी थोरली जाऊ वच्छलाबाई उन्हाळाभर गोठ्यात जेवायची. आमच्या राजुऱ्याकडे मे महिन्यातल्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि ही बाई वरण-भाताचं ताट घेऊन गाईशेजारी पाट मांडायची. मी नवी नवरी होते. मला वाटलं, सासूशी बिनसलं असेल.

विचारलं तर म्हणाली, "जिथी माह्या गळ्याखाली घास उतरत नाई, तिथी तिनं रवंथ कसा करावा?" घास उतरला नाही, की ती ताट झाकून उठायची. छपरावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरायची, दाराला ओलं पोतं टांगायची, गाईच्या पाठीवर बादली रिकामी करायची, आणि मग पुन्हा जेवायला बसायची.

पुढे आम्ही वेगळ्या झालो. गोठे मात्र शेजारी शेजारीच राहिले. तिची लक्ष्मी आणि माझी चंद्री एकाच गाईच्या कालवडी, म्हणजे मला बोलायला जागाच नव्हती. उन्हं तापली की चंद्री जीभ बाहेर काढून धापा टाकायची, तोंडातून लाळेची तार लोंबायची, चाऱ्याला तोंड लावायची नाही, आणि दूध लोट्याच्या तळाशी. पलीकडे लक्ष्मी महाराणीसारखी बसून रवंथ करतेय! दूधवाला तिच्या दारी थांबून गप्पा मारायचा; माझ्या दारी गाडीसुद्धा बंद करायचा नाही. मी जळायची. अगदी आतून जळायची.

एका उन्हाळ्यात मी ठरवलं, आता हिच्यापेक्षा गार गोठा करून दाखवायचा. चंद्री गाभण होती. नवऱ्याच्या मागे लागून घरातला कूलर गोठ्यात नेला. गारवा बाहेर जाऊ नये आणि वच्छलाबाईची नजर आत येऊ नये, म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. दुपारी पाहते तर चंद्री खाली बसलेली, मान लांब टाकलेली, डोळे फिरवतेय. गोठ्यात पाय ठेवला तर अंगाला हवा चिकटत होती. मी ओरडले, आणि तोंडातून नाव निघालं ते बाईचंच.

बाई उष्ट्या हातानं धावत आली. विळ्यानं ताडपत्री फाडली. "काय वो मंदे, कूलर लावून खिडकी बंद करते का कोनी? घरात तुह्या जीव गुदमरते, मंग तिचा नाई गुदमरनार? ओली हवा जाईन कुठून?"

चंद्रपूरकडचं शेंबडं पोरही जाणतं, कूलर लावला की खिडकी उघडी ठेवायची. आणि मी, जन्म इथलाच असून, जळण्याच्या भरात तेवढंच विसरले होते. बाईनं पाणी ओतलं, मी सुपानं वारा घातला. ऊन कलल्यावर चंद्री उभी राहिली. पोटातलं वासरूही वाचलं. मला रडू येत होतं, इतका आनंद झाला. पण चंद्रीनं उठल्याबरोबर हात चाटला तो बाईचा. चारा माझा, पाणी माझं, आणि जीभ तिच्याकडे! त्या रात्री मी चंद्रीशी बोललेच नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईचे गुडघे पार गेले. मुलगा तिला चंद्रपूरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. निघताना तिनं लक्ष्मीचा दोर माझ्या हातात दिला. "हिले एकटीले जेवू नको देऊ," एवढंच म्हणाली. मनातल्या मनात मी खूश झाले. आता दोन्ही गाई माझ्या.

उन्हाळा लागला. मीही ताट घेऊन गोठ्यात बसू लागले. एका दुपारी बाईचा फोन आला. तिचा आवाज ऐकताच लक्ष्मीनं कान टवकारले, फोनकडे मान ताणली आणि हंबरायला तोंड उघडलं. मी झटकन फोन पदराखाली धरला. हंबरणं थांबल्यावर पुन्हा कानाला लावला.

"कशी हाये वं ते?"

"मजेत हाये बाई. तुमची आठवनबी काढत नाई."

"बरं झालं," बाई म्हणाली. "तू जेवली का?"

"गोठ्यातच जेवून राह्यली."

"घास उतरून राह्यला नं?"

छपरावर तणस होती, दारात ओलं पोतं होतं, गोठा गार होता. ज्या फाटकातून बाई गेली, त्याच्याकडे लक्ष्मी बघत उभी होती. मीही तिकडेच बघत होते.

"उतरून राह्यला," मी म्हटलं, आणि ताट झाकून ठेवलं.