चौथ्या मजल्यावरची कवायत

मी शाळेत पीटीची बाई होते. मैदान, शिट्टी आणि खणखणीत आवाज यांवर माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तेव्हाही माझे गुडघे शाळेतल्या निम्म्या तरुण शिक्षिकांपेक्षा बरे होते. त्यामुळे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या साधनेत चर्चमधल्या फादरांनी सांगितलं, की रोज सकाळी बायबलच्या शुभवर्तमानातला एक उतारा वाचा आणि थोडा वेळ नुसते शांत बसा, तेव्हा मला वाटलं, हे काही आपलं काम नव्हे. धावायला सांगा, मी धावेन. बसणं मला कधी जमलं नाही.

पण सांगितलेलं करायचं, ही सवयही नोकरीचीच. दुसऱ्या दिवसापासून मी पुण्याजवळ धायरीतल्या आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले मराठी कॅथलिक. संध्याकाळची रोझरीची जपमाळ, रविवारची चर्चमधली मिस्सा, राखेच्या बुधवारी कपाळावर राख, हे सगळं मला दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं होतं. मी कधी काही चुकवलं नाही. पण गॅलरीत बसायला लागल्यावर लक्षात आलं, की आजवर मी देवाशी बोलत होते ते शाळेच्या प्रार्थनेसारखं: सगळ्यांच्या सुरात, आणि संपली की वर्गात. एकटीने त्याच्यासमोर बसायचं म्हणजे काय, हे मला या वयात नव्याने शिकावं लागलं. पहिले काही दिवस मी फक्त समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघितले. मग हळूहळू मन जागेवर राहू लागलं.

अशाच एका सकाळी उतारा निघाला तो आजाऱ्यांना भेटण्याबद्दलचा. जो आजाऱ्याकडे जातो तो प्रभूकडेच जातो, असं सांगणारा. लहानपणापासून ऐकलेला. मी वाचून डोळे मिटले आणि नेमका वरच्या घरात खुर्ची फरफटल्याचा आवाज झाला.

वर, चौथ्या मजल्यावर, साहेब राहायचे. सगळी इमारत त्यांना साहेबच म्हणायची. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगी बंगळूरला. थंडीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात नि उजवा पाय लुळा पडला. दिवसभर सांभाळायला एक मावशी असायच्या. इमारतीत त्यांना फारसं कोणी भेटायला जात नसे, आणि त्याला कारणही होतं. सोसायटीच्या फलकावर सूचना लागली की साहेब लाल पेनने तिचं शुद्धलेखन तपासायचे. अशा माणसाच्या घरी कोण जाणार?

मी आत येऊन नवऱ्याला म्हटलं, "मी जरा वर जाऊन येते."

"कशाला?"

"साहेब आजारी आहेत ना."

"ते थंडीपासून आजारी आहेत," नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला.

"तेच तर."

मावशींनी दार उघडलं. साहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांची नजर आधी माझ्या गळ्यातल्या क्रुसावर गेली, मग चेहऱ्यावर. बोलणं सावकाश झालं होतं, पण धार तशीच होती.

"बाई, आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात धर्म एकदा बदलून झालाय. वडिलांनी बदलला, पूर्ण विचार करून बदलला. आम्ही बौद्ध आहोत आणि समाधानी आहोत. पुन्हा बदलायचा विचार नाही."

"बरं," मी म्हटलं. "आज व्यायाम केलात का?"

उत्तर मावशींनी दिलं. "कसला व्यायाम, बाई. तो फिजिओवाला मुलगा यायचा, त्याला घालवून दिला यांनी."

"तो मला 'अंकल, व्हेरी गुड' म्हणायचा," साहेब म्हणाले. "मी काय बालवाडीत आहे?"

"मी कधीच कोणाला व्हेरी गुड म्हटलेलं नाही," मी म्हटलं. "माझ्या शाळेत चौकशी करा."

त्याच दुपारी मावशींकडून नंबर घेऊन मी त्यांच्या मुलीला फोन लावला. तिला रडूच फुटलं. बाबा फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत, म्हणाली. तिच्याकडून त्या फिजिओथेरपिस्टचा नंबर घेतला. तो मुलगा भला निघाला. त्याने मला व्हिडिओवरून एकेक हालचाल समजावली, कुठे थांबायचं तेही सांगितलं, आणि आठवड्यातून एकदा स्वतः येऊन बघायचं कबूल केलं. अट एकच, व्हेरी गुड म्हणायचं नाही.

मग चौथ्या मजल्यावर आमची कवायत सुरू झाली. रोज सकाळी दहाला. लुळा हात चांगल्या हाताने उचलायचा, बोटं उघडायची, टाच जमिनीवर दाबायची. ऐकायला काहीच नाही. पण साहेबांच्या कपाळावर घाम यायचा आणि ओठ पांढरे पडायचे.

"आपण फार हुकूम सोडता," एकदा ते धापा टाकत म्हणाले.

"आपणही सोडत होतात. माझे ऐकले जायचे, एवढाच फरक."

त्यावर त्यांच्या तोंडाची चांगली बाजू किंचित हलली. ते हसू होतं, असं मी धरून चालले.

सगळे दिवस असे नव्हते. कधी ते तोंड फिरवून बसायचे. एकदा दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी डाव्या हाताने असा भिरकावला, की मावशींचा चहा सांडला. "मरू द्या ना मला सुखाने," ते म्हणाले. मी खाली आले आणि नवऱ्याला सांगितलं, आता पुरे, उद्यापासून जायचं नाही. पण उद्या उजाडला की आधी गॅलरीतली ती खुर्ची असायची. तिथे मी काही मोठं मागत नव्हते. आज पुन्हा वर जायचंय, तू माझ्याआधी तिथे जाऊन बस, एवढंच म्हणायचे. आणि जायचे. दार उघडताना खरंच वाटायचं, की आत आधीपासून कोणीतरी आहे. साधनेत फादर ज्याला नवीकरण म्हणत होते ते माझ्या बाबतीत असं झालं. काही दिव्य दिसलं नाही. नावडत्या माणसाच्या घराची बेल मी न कुरकुरता वाजवू लागले.

एके दिवशी साहेबांनीच विषय काढला. "खरं सांगा, बाई. येता कशासाठी?"

"मला सांगितलंय म्हणून."

"कोणी?"

"येशूने."

त्यांनी मांडीवरच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग त्यांना कळवा. डाव्या हाताचं ठीक आहे, उजव्याकडे लक्ष द्या म्हणावं."

"रोज कळवते," मी म्हटलं, आणि आम्ही पुढचा व्यायाम घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. काही सभासद एकट्या, आजारी ज्येष्ठांच्या घरी धार्मिक हेतूने जात असल्याचे समजते, समितीने याची दखल घ्यावी. नाव कोणाचं नव्हतं. गरजही नव्हती. सगळ्या इमारतीत ख्रिश्चन घर आमचं एकच.

नवरा काळजीत पडला. तो घाबरट नाही, पण हल्ली अशा गोष्टी कुठून कुठे जातात हे आम्ही बातम्यांत बघतच होतो. "रविवारी मीटिंग आहे," तो म्हणाला. "तिथे सरळ सांग, माणुसकी म्हणून जाते. विषय मिटेल."

तळमजल्यावरच्या एक बाई, माझ्या चांगल्या ओळखीच्या, त्याही येऊन तेच सांगून गेल्या. "देवाबिवाचं नाव काढू नका, अहो. माणुसकी म्हणा. माणुसकीला कोण हरकत घेणार?"

दोघांचा हेतू चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो शब्द घेऊनच बसले. माणुसकी. शब्दात वाईट काहीच नव्हतं. पण तो माझा नव्हता. मला चौथ्या मजल्यावर ज्याने पाठवलं त्याला जिन्यात उभं करून मी दुसऱ्याच कोणाचं नाव सांगणार होते. हे मनात आलं आणि माझं ठरलं.

रविवारी आम्ही सकाळची मराठी मिस्सा करून परतलो ते थेट पार्किंगमधल्या मीटिंगला. आधी टँकरच्या पाण्याचा विषय झाला, मग पाहुण्यांच्या गाड्यांचा. त्यानंतर सेक्रेटरींनी घसा साफ केला. माणूस सभ्य होता.

"मॅडम, तसा आक्षेप कोणाचाच नाही. आपण फक्त एवढंच सांगा, की आपण माणुसकीच्या नात्याने जाता. मी तशी नोंद करतो आणि विषय संपवू."

मी उभी राहिले. "तशी नोंद करू नका. ती अर्धीच खरी होईल."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं.

"मी कॅथलिक ख्रिश्चन आहे," मी म्हटलं. "आमच्या प्रभूने आजाऱ्याकडे जायला सांगितलंय, म्हणून मी जाते. त्याने सांगितलं नसतं तर मी गेले नसते. साहेब मला मुळीच आवडत नव्हते."

कोणीतरी हसलं.

"मी त्यांना ख्रिश्चन करायला जात नाही. ते बौद्ध आहेत, आणि का आहेत हे त्यांनी मला अख्खी सकाळ समजावून सांगितलंय. मी त्यांच्याकडून हात वर करून घ्यायला जाते. ज्यांना शंका असेल त्यांनी उद्या दहाला या. दार उघडंच असतं. आणि आलात तर बघत उभे राहू नका, व्यायामाच्या वेळी त्यांचा पाय धरायला एक माणूस कमी पडतो."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हेतू धार्मिक आहे, हे आपण मान्य करता."

"हो. हेतू धार्मिकच आहे. काम काय आहे ते डोळ्यांनी बघा."

सेक्रेटरींनी कागद उलटला आणि म्हणाले, "पुढचा विषय, लिफ्टची देखभाल."

मी खाली बसले. आवाज शेवटपर्यंत टिकला होता. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कोणत्याही स्पर्धेत माझा संघ जिंकल्यावर अनुभवलेलं नव्हतं. मी कोणाला हरवलं नव्हतं. फक्त मी चर्चमध्ये जी होते तीच पार्किंगमध्येही होते, आणि याचं इतकं हलकं वाटेल हे मला माहीत नव्हतं.

नवरा माझ्यामागून जिना चढला. आमच्या दारापाशी थांबून म्हणाला, "मी तुझ्याबरोबर उभं राहायला हवं होतं."

"उद्या वर या. तिथे उभं राहायला भरपूर जागा आहे."

तो आला. त्याची हयात हडपसरच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली. साहेबांचा हात कसा उचलावा लागतो हे त्याने एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीला कप्पी नि दोरी बसवून दिली. डाव्या हाताने दोरी ओढली की उजवा आपोआप वर जायचा. साहेबांनी त्या कप्पीची बारकाईने तपासणी केली आणि काही चूक सापडली नाही म्हणून जरा नाराज झाले.

मीटिंगची हकीकत त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. "माणुसकी नाही म्हणालात ते योग्य केलंत," ते म्हणाले. "माणुसकीवाले सुरुवातीला येऊन गेले. सफरचंदं ठेवून गेले."

सगळं काही गोड झालं नाही. मागून प्रश्न विचारणारे गृहस्थ आजही लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघतात. एका घराने आमच्याकडे येणं-जाणं बंद केलं, ते अजून बंदच आहे. पण दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी शनिवारी सकाळी पाय धरायला येऊ लागली. अमरावतीकडची, आयटीत काम करणारी. पहिल्याच दिवशी दारातून म्हणाली, "काकू, मी फक्त एक्सरसाइजला हेल्प करीन हं. प्रेयर वगैरे मला नाही जमणार."

"पाय धर," मी म्हटलं. "प्रार्थना मी सकाळीच करून आलेय."

ईस्टर झाला, उन्हाळा तापला. साहेब आधी चौपायी वॉकर धरून उभे राहू लागले, मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागले. बुद्धपौर्णिमेला त्यांची मुलगी आली, नातेवाईक आले. साहेबांनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. बैठकीत पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती मांडली होती, मेणबत्त्या, फुलं. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. सगळे वंदनेला उभे राहिले तेव्हा मुलगी वडिलांना म्हणाली, तुम्ही बसूनच करा.

साहेब उठले. डाव्या हाताने उजवा हात छातीपाशी आणला, सोडला, आणि तो तिथेच राहिला. थरथरत, बोटं अर्धी मिटलेली, पण स्वतःच्या बळावर. मग त्यांनी डावा तळवा त्याला जोडला. सगळ्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. मला ते शब्द येत नव्हते आणि मी म्हटल्याचं सोंगही केलं नाही. मी मागे हात जोडून उभी राहिले आणि मनातल्या मनात माझ्या देवाचे आभार मानले. शेजारी नवऱ्यानेही डोळे मिटले होते.

नंतर खिरीची वाटी देताना त्यांच्या एका वयस्कर आत्येबहिणीने माझ्या क्रुसाकडे बघून विचारलं, "या कोण?"

"या खालच्या मजल्यावरच्या बाई," साहेब म्हणाले. "ख्रिश्चन आहेत. तसं स्पष्ट सांगतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या सुट्टी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "दहाला येते."