नानांची बरणी

ओल्या दगडाच्या भुकटीचा वास आला की नशिराबादकडचा वाळू धुण्याचा कारखाना आठवतो. त्याच्या गाळाने आमचा नाला पांढराफटक केला होता. कॉलेजातली मी पत्रकं घेऊन तिथे भांडायला गेले. गाळ बसवायची टाकी आखणाऱ्या नानांनी तेच गढूळ पाणी बरणीत दिलं, त्यात गाळ एकत्र आणणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. "हळू फिरव." मी रागाने गदगदा हलवली, गाळाचे जमलेले गोळे फुटले.

"पोरी, हाऊ काय मोर्चा शे?"

दुसरी बरणी हळू फिरवली. गाळ खाली बसला, वर नितळ पाणी. बसण्याचा वेग घड्याळावर मोजून नाना म्हणाले, "टाकी दुप्पट रुंद हवी."

"मालक ऐकेल?"

"नाही ऐकलं तर नकाशावर माझी सही नाही."

तेव्हा नाना मला मवाळ वाटले. पण टाकी दुप्पट रुंद झाली, आज नाल्याच्या तळाचे खडे दिसतात. माझ्या एकाही पत्रकात त्या सहीच्या वाक्याएवढं कडक वाक्य नव्हतं.