बॉक्सला कळलेला शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा मनातल्या मनात एवढा भाग वगळूनच बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय — आणि तरी हात थांबतोय. काल दोन ओळी लिहिल्या नि पान फाडून टाकलं.

कुठून सुरू करू? काकूंपासूनच करते.

मी सावंतवाडीकडची. आठवीत शाळा सुटली. मुलुंडला काकूंच्या घरी स्वयंपाकाला आणि राहायला आले तेव्हा घरातला फोन वाजला की मी मोरीत जाऊन उभी राहायचे. काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून, परक्या माणसांशी बोलण्यात गेलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गॅस एजन्सीला फोन लावायला बसवलं. मी रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला.

"घाबरतेस काय दीपा? आवाज सरळ ठेव. तू कुठे उभी आहेस ते समोरच्याला दिसत नाही. त्याच्यापर्यंत नुसता आवाज जातो."

सिलिंडर दुसऱ्या दिवशी आला. मला वाटलं, तो माझ्या आवाजाने आला! त्यानंतर बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या ऑफिसात — सगळीकडे मीच फोन करायला लागले. मला माणसांत आणलं ते काकूंनी. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे केलं ते याच काकूंना केलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डोळ्यांत सगळं होतं. पण 'पाणी' म्हणायला जायच्या आणि 'पा… पा…' करत तिथेच अडकायच्या. त्यांच्या मुलीनं, विक्रोळीला राहणाऱ्या मेधाताईंनी, सगळं माझ्यावर सोपवलं. दर शनिवारी त्या यायच्या.

काकूंचा दिवस जावा म्हणून ताई म्हणाल्या, टीव्हीला तो बॉक्स लावू या, म्हणजे जे हवं ते केव्हाही बघता येईल. टीव्ही जुना होता, पण चांगला चालत होता. दुकानात मी बरोबर गेले. दुकानदाराने दोन बॉक्स काढून ठेवले. एकात पडद्यावरची एबीसीडी एकेक दाबून नाव शोधायचं. दुसऱ्याच्या रिमोटवर माइकचं बटण — दाबायचं आणि बोलायचं, मराठीत बोललं तरी चालतं.

"चालवायचा तूच आहेस, तू सांग कुठला घ्यायचा," ताई म्हणाल्या.

मी माइकवाला म्हटलं. "काकूंना बोलायची सवय राहील."

"किती विचार करतेस गं आईचा!"

मी काकूंचा विचार केलाच नव्हता. मी ताईंना दहावी पास सांगितलेलं होतं, आणि मला इंग्रजीत नावं लिहिता येत नाहीत. ती अक्षरं शोधत बसले असते तर ताईंना कळलं असतं. म्हणून माइक. पण ताईंनी कौतुक केलं आणि ते मी घेतलं. बघा, सुरुवात इथूनच आहे.

बॉक्स बसवला त्या दिवशी ताईंनी माझ्या फोनवरही त्याचं अॅप टाकून दिलं. रिमोट सारखा गादीखाली जायचा ना, म्हणून. फोनवरही तसंच माइकचं बटण. घरचं वायफाय लागलेलं असलं की स्वयंपाकघरातून बोललं तरी हॉलमधला टीव्ही ऐकतो.

काकूंना बोलायला शिकवायला आठवड्यातून तीनदा एक मॅडम यायच्या. आम्ही त्यांना स्पीचच्या मॅडम म्हणायचो. त्यांनी रिमोट बघितला आणि खूश झाल्या. "घरच्यांना अर्ध्या शब्दात कळतं, म्हणून पेशंट अर्धाच शब्द बोलतो. मशीनला दया येत नाही. त्याला पूर्ण शब्द लागतो. रोज करू द्या त्यांना." आणि एका कागदावर चार शब्द लिहून दिले — बातम्या, गाणी, भजन, नाटक.

मशीनला दया येत नाही. हे वाक्य त्या घरात सगळ्यांनी पाठ केलं.

काकू रोज बसायच्या. डाव्या हाताने माइक दाबून 'बा… बा…'. पडद्यावर 'बाबा' उमटायचं आणि कुठल्या तरी महाराजांचं प्रवचन लागायचं. पुन्हा दाबायच्या. पुन्हा महाराज. पहिल्या दिवशी आम्ही दोघी हसलो. पंधराव्या दिवशी त्यांनी रिमोट उशीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यभर ज्या बाईच्या आवाजावर माणसं जोडली गेली, तिचं एका प्लास्टिकच्या तुकड्याला काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा माइक दाबला. मी आत भाजी चिरत होते. फोन ओट्यावरच होता. मी नळ सोडला, फोन तोंडाशी धरला आणि हळूच म्हटलं — "बातम्या."

बातम्या लागल्या.

काकूंचा हसण्याचा आवाज ऐकला, कितीतरी दिवसांनी. मी धावत बाहेर गेले. त्या पडद्याकडे बोट दाखवत होत्या, मग स्वतःच्या छातीकडे. मी — मी बोलले, असं. मी टाळ्या वाजवल्या.

ते दयेपोटी केलं, असं म्हणता येईल. एवढं एक. पण शनिवारचं नाही म्हणता येत.

शनिवारी ताई आल्या त्या फॉर्म घेऊनच. सांताक्रूझला एक केंद्र आहे, तिथे पेशंटला तीन महिने ठेवून घेतात, रोज बोलण्याचे आणि हाताचे व्यायाम. डॉक्टर म्हणाले होते, जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच जास्त येतं. ताईंनी मला जवळ बसवून नीट सांगितलं. "घर बंद ठेवू. तू गावी जाऊन ये. आई घरी आली की मी तुला बोलावतेच." ताई माझ्याशी कधी खोटं बोललेल्या नाहीत. तरी माझ्या मनात हिशेब सुरू झाला. तीन महिन्यांनी कोण कुणाला बोलावतं? तिथे तयार झालेली, शिकलेली नर्स मिळाली तर? गावी जाऊन काय सांगू? माझी आई फोनवर दरवेळी एकच म्हणायची, "बाय, तिकडे नीट रव. त्येंका सोडू नको."

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर काकू ताईंना हाताने थांबवत होत्या — थांब, बघ. त्यांनी रिमोट उचलला. 'बा… बा…' आणि मी फोन उचलला. नळ सोडला. आता मला काकूंची दया येत नव्हती. मला माझी भीती वाटत होती. "बातम्या," मी म्हटलं, आवाज सरळ ठेवून.

"आई गं!" ताई रडायलाच लागल्या. "दीपा, बघितलंस? आधी बाबा आलं आणि मग बरोबर ओळखलं त्याने! थोडा विचार करतो, पण कळतं त्याला!" व्हिडिओ काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला. फॉर्म पर्समधून बाहेर आलाच नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी केंद्राला फोन करून जागा नको म्हणून कळवलं.

पुढे चार महिने रोज तेच. बातम्या, गाणी, भजन, नाटक. काकूंच्या तोंडचे शब्द मी स्वयंपाकघरातून बोलत होते.

स्पीचच्या मॅडमना शंका आली. "माझ्यासमोर तर अजून एकही शब्द पूर्ण होत नाही." ताईंना ते लागलं. "मॅडम, मशीनला कळतं, मग तुम्हाला कसं कळत नाही? तुम्हीच म्हणाला होतात ना, त्याला दया येत नाही म्हणून?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी ओटा पुसत होते. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. महिनाभरात मॅडम यायच्या बंद झाल्या.

एक गोष्ट मला फार छळते. त्या चार महिन्यांत एखादा शब्द खरंच काकूंचा आला असेल का? जिभेवर आला असेल, आणि मी त्यांच्या आधीच बोलून टाकला असेल? आता ते कुणालाही सांगता येणार नाही.

मग त्यांचा वाढदिवस आला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तीन मैत्रिणी भेटायला आल्या. केस पांढरे, पण आवाज काय सांगू! घर भरून गेलं. "ए शालू, ऐकलं की मशीन तुझं ऐकतं! नाहीतर आमची मुलं, एक ऐकत नाहीत!" काकू हसत होत्या. ताई म्हणाल्या, "आई, दाखव ना त्यांना," आणि माझ्याकडे वळून, "दीपा, तेवढं आइस्क्रीम आण गं खालून, पटकन."

मी काय सांगणार होते? नाही जात?

दुकानात माझ्यापुढे चार माणसं होती. फोन हातात होता, पण घरचं वायफाय तिथे कुठून पोचणार? मी नुसती उभी. जिना चढून आले तर दार उघडंच होतं. आतून मैत्रिणींचा आवाज, "राहू दे गं, नेट गेलं असेल." मी पॅसेजमध्येच थांबले. आतलं दिसत नव्हतं. फोनला वायफाय लागलं. मी घाईघाईत म्हटलं, "बातम्या."

बातम्या लागल्या. आतून टाळ्या. "लागलं बघ! शालू, लागलं!"

मी आइस्क्रीम घेऊन आत गेले. काकूंच्या हातात रिमोट नव्हता. तो टीपॉयवर पडला होता, बराच वेळ पडलेला असावा. बातम्या लागल्या तेव्हा त्यांनी बटण दाबलं नव्हतं. तोंड उघडलं नव्हतं. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. काकूंनी पडद्याकडे बघितलं, मग दाराकडे — माझ्याकडे, माझ्या हातातल्या फोनकडे. जन्मभर ज्यांनी आवाज कुठल्या तारेवरून येतो ते ओळखलं, त्यांना किती वेळ लागणार?

आइस्क्रीम त्यांनी खाल्लं नाही.

त्यानंतर त्यांनी रिमोटला हात लावला नाही. 'पा… पा…' सुद्धा बंद झालं. ताई घाबरल्या. बोलत होती ती बाई एकदम गप्प कशी झाली? पुन्हा झटका आला की काय? एमआरआय काढायला नेलं. काकूंना त्या नळकांड्याची भीती वाटते, पहिल्या वेळी त्या आत थरथरल्या होत्या. या वेळीही थरथरल्या. मी बाहेर बाकावर त्यांच्या बांगड्या हातात धरून बसले होते. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर त्यांना आत जावं लागलं नसतं. मी बोलले नाही.

डॉक्टर म्हणाले, नवीन काही नाही. मग फाइल चाळून विचारलं, सुरुवातीला स्पीच थेरपी मध्येच का सोडली? तेव्हा जमलं असतं, आता कठीण आहे. ताई म्हणाल्या, "पण बोलत होती हो ती! आमच्यासमोर बोलत होती!" डॉक्टरांनी फाइल मिटून माझ्याच हातात दिली.

आणि आता ते, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं.

घरी आल्यावर ताई काकूंच्या पायाशी बसल्या. "आई, काय झालं? मला सांग ना." काकूंनी डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. मग टीव्हीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तोंड उघडलं — 'दी… दी…' चेहरा लाल झाला. सगळा जीव लावून त्या तो एक शब्द काढत होत्या.

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. "हो गं, दीपा आहे ना इथेच. ती कुठे जात नाही. तुला सोडून नाही जायची ती." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, तुझंच नाव घेतेय. तू आहेस म्हणून आम्ही आहोत गं."

मी मान हलवली. काकू माझ्याकडेच बघत होत्या. त्या बोट दाखवत राहिल्या आणि शब्द आला नाही. आणि मला — त्या क्षणी मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. सांगू शकणारं एकच माणूस होतं, आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

मी अजून त्याच घरात आहे. काकूंना भरवते, वेणी घालते. संध्याकाळी ताईंचा फोन येतो, "आज काही बोलली का?" मी काकूंच्या समोर उभी राहून सांगते, नाही. काकू ऐकतात.